कुलवृत्तांत की उपाध्यायांची वही?

वंशावळ जुळवायला बसलेल्या पुतण्याचा प्रश्न: छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, धरू की त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची, यात्रेकरूंच्या नोंदींची वही?

कष्ट वाचवायचे तर कुलवृत्तांत. घरबसल्या सगळ्या शाखा दिसतात. वहीसाठी त्र्यंबकला जा, आपल्या घराण्याचे उपाध्याय शोधा, जुनी पानं मोडी लिपीत असली तर वाचणाराही गाठा. दक्षिणा वेगळीच.

अचूकतेत मात्र वही पुढे. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावं, गाव, कधी खाली त्याचीच सही. शके १८२० दिसलं की ७८ मिळवा, साधारण इसवी सन निघतो. कुलवृत्तांतातली माहिती बरीचशी नातेवाइकांनी कळवलेली. मूळपुरुषाजवळच्या पिढ्या तर पुष्कळदा ऐकीवच. वहीत लेकींची नावं क्वचित, ही तिची मोठी उणीव.

शाखांचा आराखडा हवा तर कुलवृत्तांत. पणजोबांच्या नावाची खात्री हवी तर वही. फोटो काढताना तारखेची ओळ तेवढी सोडू नकोस.