कुडाळचा पोर्टफोलिओ स्टुडिओ: फोटो उत्तम, एडिटिंग जरा आवरा

दशावतारी नाटकात किंवा एकांकिकेत तयार होऊन मालिकांकडे निघालेल्यांसाठी कुडाळच्या बाजारपेठेतला हा स्टुडिओ खरंच कामाचा आहे. चेहरा जवळून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उभा फोटो साध्या, एकरंगी कपड्यांत काढतात. ऑडिशनच्या आडव्या व्हिडिओत नाव, वय, उंची, मग डावी-उजवी बाजू हेही नीट करून घेतात.

घोडं अडतं ते एडिटिंगमध्ये. गालावरचा तीळ, कपाळावरची आठी, सगळं पुसून टाकतात! कास्टिंगवाल्यांना फोटोतलाच माणूस समोर हवा असतो. तो दिसला नाही की हातचं काम जातं. मूळ फाइल मागून घ्याच.

दशावतारातल्या राजाच्या वेषातला फोटो इन्स्टाग्रामवर जरूर ठेवा, पण पहिला नको. रंगाखाली चेहरा कळत नाही.