डेन्मार्कच्या आरोग्य-नोंदींवर काही महिने काम केल्यानंतर

डेन्मार्कमधील एका विद्यापीठात साथरोगशास्त्राचे संशोधन करताना गेले काही महिने मी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य-नोंदी रोज वापरते आहे. साठ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशाने उभारलेली ही व्यवस्था मला मनापासून आवडली आहे, तरी तिच्या पैशाच्या बाजूविषयी चिंताही वाटते.

साऱ्याचा पाया म्हणजे १९६८ मध्ये सुरू झालेला सीपीआर क्रमांक, म्हणजे तिथल्या प्रत्येक रहिवाशाला मिळणारा ओळख क्रमांक. कर्करोगाच्या नोंदी १९४३ पासूनच्या, तर रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या १९७७ पासूनच्या आहेत, आणि या क्रमांकामुळे त्या एकमेकींशी जोडता येतात. संशोधकाला मात्र खरा क्रमांक कधीच दिसत नाही. दूरस्थ जोडणीने सांख्यिकी कार्यालयाची प्रणाली उघडली की त्याच्या जागी एक सांकेतिक आकडा दिसतो, आणि त्याच्याच आधारे एका तक्त्यातील आई दुसऱ्या तक्त्यातील मुलाशी जुळवावी लागते. व्यक्तिगत माहितीची एकही ओळ आपल्या संगणकावर उतरवता येत नाही. बाहेर नेता येतात ते फक्त एकत्रित निष्कर्ष. हे बंधन मला योग्यच वाटते, कारण केवळ नोंदींवर आधारलेल्या अभ्यासासाठी इथे प्रत्येकाची वेगळी संमती घेतली जात नाही.

या जोडणीचे मोल गोवर-गालगुंड-रुबेला लशीच्या अभ्यासात दिसते. १९९१ ते १९९८ या काळात डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासून, लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत नसल्याचे २००२ मध्ये दाखवता आले. आपल्याकडे बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीसाठी कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन रुग्ण शोधावे लागतात, हे आठवले की या सोयीची किंमत अधिकच कळते.

उणिवा आहेत. फॅमिली डॉक्टरने केलेले निदान राष्ट्रीय रुग्ण-नोंदीत येत नाही, आणि धूम्रपान किंवा आहार यांविषयी या नोंदींतून फारसे काही हाती लागत नाही.

मोठा प्रश्न पैशाचा आहे. सर्व विद्याशाखांसाठी सरकारचा स्वतंत्र संशोधन निधी आहे, परंतु वैद्यकीय संशोधनात खासगी प्रतिष्ठानांचे वजन फार मोठे आहे. त्यांतील नोवो नॉर्डिस्क प्रतिष्ठानाची मुळे १९२२ मध्ये डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी टोरांटोहून आणलेल्या इन्सुलिन-निर्मितीच्या परवानगीपर्यंत जातात आणि आज त्याच नावाच्या औषध कंपनीच्या मतांचे बहुमत या प्रतिष्ठानाकडे आहे. त्याच्या अनुदानातून पाचही प्रादेशिक प्रशासनांत स्टेनो मधुमेह केंद्रे उभी राहिली. रुग्णांना त्यांचा लाभ होतो, याबद्दल शंका नाही. तरीही नोंदी साऱ्या जनतेच्या असताना त्यांना कोणते प्रश्न विचारायचे, हे इतक्या मोठ्या प्रमाणात प्रतिष्ठानांच्या प्राधान्यांवर अवलंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या आजारांमागे असा आश्रयदाता नाही, त्यांच्यासाठी सरकारी निधीचा वाटा वाढायला हवा.

भारतातून या नोंदींवर काम करू इच्छिणाऱ्यांना अधिकृत डॅनिश संस्थेमार्फतच प्रवेश मिळतो. त्यासाठी शुल्क भरावे लागते आणि अर्जात मागितलेल्या माहितीची गरज पटवून द्यावी लागते, तेव्हा अंदाजपत्रक आणि वेळापत्रक आखताना दोन्ही गोष्टी आधीच धराव्यात.