बाबांच्या ७५व्या वाढदिवसाला घेतलेला रेडिओ, सात महिन्यांनंतर (आणि त्यातली ती बाई)

आवाज चांगला आहे, टॉर्च आहे, ब्लूटूथ आहे, हे सगळं बॉक्सवर लिहिलेलंच असतं त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते आतल्या बाईबद्दल. रेडिओ चालू केला की आतून एक बाई मोठ्यांदा "पॉवर ऑन" म्हणते, लगेच "ब्लूटूथ मोड" म्हणते, कारण हा रेडिओ आदल्या दिवशी तुम्ही कुठे होतात ते लक्षात ठेवत नाही, दरवेळी ब्लूटूथवरच उघडतो. मग एक बटण दाबत दाबत मीडियम वेव्हपर्यंत (एफएमहून वेगळा, रेडिओचा जुना पट्टा, बाबांचं स्टेशन तिथे लागतं) यायचं आणि प्रत्येक दाबाला बाई आपण कुठे पोचलो ते सांगणार. आवाज कमी करून बंद केलात तरी बाई फुल व्हॉल्यूममध्येच बोलते. सकाळी साडेपाचला. लालबागच्या चाळीत, जिथे शेजारच्यांची शिंक ऐकू येते.

पहिल्याच सकाळी आई दचकून उठली, तिला वाटलं घरात कोण आलं. बाबा म्हणाले, "ही काय लोकलच्या डब्यात बसलीय काय, पुढील स्टेशन सांगायला?"

आता हा घेतला कसा ते सांगतो. बाबा मुंबईच्या बेस्ट बसमधून रिटायर झालेले कंडक्टर, काय हवं विचारलं की एकच उत्तर, "मला काही नको, पैसे पोस्टात टाक." आधी दिलेल्या शर्टपीसपैकी तीन कपाटात प्लास्टिकसकट पडलेत. स्मार्टवॉच बघितलं, पण जो माणूस रात्री मोबाईल बंद करून झोपतो "उगाच बॅटरी जाते" म्हणून, तो रोज घड्याळ चार्जिंगला लावणार? काठीचा विषय ताईने एकदा काढला होता, दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. जुनी गाणी भरलेले रेडिओ मिळतात ते मी जवळजवळ घेतलेच होते, सहज विचारून बघितलं तर म्हणाले, "आत काय भरलंय ते आधीच ठरलेलं, मग तो रेडिओ कसला, डबा झाला." त्यांना बातम्या लागतात, निवेदक लागतो, पुढे कुठलं गाणं येणार ते माहीत नसावं लागतं. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आणि विविध भारती, बास. विविध भारती एफएमवर १०२.८ ला आहे, ती कशावरही लागते, पण अस्मिता मीडियम वेव्हवर ५५८ ला, आणि हल्लीच्या स्वस्त चार्जिंगवाल्या स्पीकरांत नुसतं एफएम असतं. आकाशवाणीचं ॲप आहे हो, मीच टाकून दिलं होतं मोबाईलमध्ये, पण मोबाईलमध्ये रेडिओ ऐकणं त्यांना कपात जेवल्यासारखं वाटतं. शेवटी मीडियम वेव्हवाला हा सापडला, १,७९९ रुपये.

पहिल्या महिन्यात विचारलं असतंत तर बाई धरूनसुद्धा चार स्टार दिले असते. बाबा खूश होते. मीडियम वेव्हची अँटेना आत आडवी असते, फेराइटची कांडी, त्यामुळे वरची दांडी ओढून काही फरक पडत नाही, अख्खा रेडिओच फिरवावा लागतो. मी दांडी ओढत बसलो होतो, बाबांनी हातातून घेतला, गॅलरीच्या खिडकीत ठेवला, थोडा तिरका केला आणि अस्मिता खणखणीत. "तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय हे." एवढे खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांनी बघितले.

मेमध्ये खरखर सुरू झाली. एफएम साफ, मीडियम वेव्हवर मात्र कढईत काहीतरी तळतायत असा आवाज. मी फोनवर नेहमीचे सल्ले दिले, जागा बदला, भिंतीपासून लांब ठेवा. काही नाही. जुलैत मागचं झाकणच बसेना, बघतो तर बॅटरी फुगलेली. चार महिन्यांत!

बॉक्सवर ठळक अक्षरात एक वर्षाची वॉरंटी, म्हणून रविवारी लालबागहून रेडिओ आणला आणि सोमवारी अर्धी सुट्टी टाकून मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने साकीनाका. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, टोकन ४१, चालू होतं १७. दीड तासाने नंबर आला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो बॅटरी वॉरंटीत येत नाही, ती ॲक्सेसरी. मी म्हटलं, अरे बॅटरीशिवाय हा चालतो का? म्हणाला, चार्जर लावून चालेल ना सर. मग म्हणे मागचं पॅनल आणि बॅटरी मिळून ६५० रुपये आणि पंधरा दिवस. पॅनलला काय झालं विचारलं तर सेटच येतो म्हणाला. १,७९९ च्या वस्तूला ६५०! उचलला रेडिओ आणि निघालो, जिन्यात जे बोललो ते इथे लिहीत नाही.

पुढच्या शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. एका गाळ्यातल्या काकांनी झाकण काढलं, बॅटरी हातात घेतली आणि म्हणाले, "ही तर नोकियाची." खरंच, बीएल-५सी! नोकिया ११०० मध्ये असायची तीच. २००७ मध्ये याच बॅटऱ्या चार्जिंगला तापतात म्हणून केवढा गोंधळ झाला होता, जो तो आपापली काढून वरचा नंबर तपासत होता, आठवतंय? नवीन १८० रुपयांना बसली, दोन मिनिटांत. पॅनल जुनंच, नीट बसलं.

आणि इथे माझं मत फिरलं. काकांनी विचारलं, "चार्जरला लावूनच ठेवता का?" मी घरी फोन केला. आईने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. बाई ओरडते म्हणून बाबा रेडिओ बंदच करत नव्हते! रात्री आवाज शून्यावर आणायचे, सकाळी वाढवायचे, म्हणजे बाईचा प्रश्नच नाही. पण रात्रभर चालू राहिला की सकाळी बॅटरी खल्लास, म्हणून चार्जर कायमचा खोचलेला. काकांनी रेडिओला चार्जर लावून ५५८ लावलं, तीच कढई. चार्जर काढला, गप्प. हे छोटे चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात, त्याचा कचरा नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येतो, एफएमला त्रास नाही. टेबलावरचा एलईडी बल्ब लावला तर त्याचीही खरखर आली. म्हणजे खरखर चार्जरची, बॅटरी फुगली बहुतेक चोवीस तास चार्जिंगवर राहून, आणि चार्जर का लावून ठेवला तर बाईमुळे. दोन महिने मी ज्या रिसेप्शनला शिव्या घालत होतो ते उत्तम होतं. बाई बंद करायचं सेटिंग ठेवायला कंपनीला काय खर्च येणार होता देव जाणे.

मी वैतागून काकांना म्हटलं, हिचा आवाज कापता येईल का? म्हणाले गाणी त्याच स्पीकरवर आहेत, कसा कापणार. मग ड्रॉवरमधून एक मेलेला इअरफोन काढला, वायर कापली आणि नुसती पिन हातात दिली. पिन इअरफोनच्या भोकात घालायची म्हणजे स्पीकर गप्प, रेडिओ चालू करायचा, बटण दाबत अस्मितावर यायचं, बाई पिनेत बोलत बसते, मग पिन काढायची. त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता चार्जिंग दुपारी, रेडिओ बंद असताना. नवीन बॅटरीला अडीच महिने झाले, फुगलेली नाही. बाबांनी पिनेला सुतळी बांधून ती रेडिओच्या हँडलला लटकवलीय, ड्युटीवर तिकिटाचा पंच असायचा तशी.

माझे तीन स्टार, कापलेले दोन्ही बाईच्या नावावर. घेणार असाल तर जुनी पिन जपून ठेवा, आणि बॅटरी गेली तर साकीनाक्याला जाऊ नका.