जीमेश + फेनिक्सएक्स: गुहांचे लॅटरोलॉग काढायला काही महिने वापरल्यावर

लॅटरोलॉग म्हणजे तेलविहिरीत इलेक्ट्रोडांचं टूल सोडून आजूबाजूच्या खडकाची रोधकता (विजेला होणारा विरोध) खोलीनुसार मोजणं. मी ते संगणकावर मॉडेल करतो: जीमेश मॉडेलची जाळी बनवतं, फेनिक्सएक्स त्या जाळीवर समीकरणं सोडवतं. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स. तयार लॉगिंग टूल मात्र यात मिळत नाही, इलेक्ट्रोडपासून सगळं आपणच रचायचं. शिकायचं असेल तर हेच बरं. विंडोजवाल्यांनी सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा डॉकर (सगळं आयतं भरलेला डबा) घ्यावं. फेनिक्सएक्सची आवृत्ती बदलली की फंक्शनं बदलतात, म्हणून चालतंय ते एन्व्हायरन्मेंट गोठवून ठेवा.

ड्युअल लॅटरोलॉग एकाच वेळी दोन मापं घेतो. खडकात लांबवर बघणारा डीप साधारण 35 हर्ट्झवर चालतो, विहिरीजवळचं बघणारा शॅलो 280 वर. इतक्या खाली डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) धरलं तरी भागतं. फोकसिंगचा, म्हणजे प्रवाह विहिरीत न पसरता सरळ खडकात ढकलण्याचा, लोक उगाच धसका घेतात. प्रत्येक इलेक्ट्रोडमधून एकक प्रवाह सोडून वेगवेगळी उत्तरं काढा आणि मॉनिटर इलेक्ट्रोडांमधलं विभवांतर शून्य होईल अशा प्रमाणात त्यांची बेरीज करा. समीकरण रेषीय आहे, त्यामुळे त्याच उत्तरांतून डीप आणि शॅलो दोन्ही निघतात. बाहेरची सीमा भरपूर लांब हवी, कारण डीपचा प्रवाह पार पृष्ठभागावर परततो. एकजिनसी खडकात टूलचा के (मोजलेल्या विभव-प्रवाहावरून रोधकता काढायचा स्थिरांक) काढा, सीमा आणखी लांब न्या. के हलला तर सीमा अजून जवळच आहे.

खरा त्रास रोधकतेतल्या तफावतीचा. घट्ट चुनखडक हजारो ओहम-मीटर, खारा मड (विहिरीत भरलेला ड्रिलिंगचा चिखल) एका ओहम-मीटरच्याही खाली. इटरेटिव्ह (पायरीपायरीने उत्तराजवळ जाणारे) सॉल्व्हर अडखळले, मी मम्प्स या थेट उत्तर काढणाऱ्या सॉल्व्हरवर गेलो. गुहा विहिरीच्या अक्षावर असेल तर टूडीत पटकन काम होतं. बाजूला असली की थ्रीडी, आणि मग रॅमचा फडशा. सममितीचा फायदा घेऊन अर्धंच मॉडेल सोडवा.

एवढ्या खटाटोपातून कळलं काय? मातीने भरलेली गुहा विहिरीने छेदली तर डीप-शॅलोचे दोन्ही कर्व्ह धाडकन खाली येतात, त्यात नवल नाही. तीच गुहा बाजूला सरकवत नेली की कर्व्हमधला खड्डा झपाट्याने उथळ होतो. आणि न छेदलेल्या गुहेत तेल असेल तर जास्त रोधकतेच्या खडकात जास्त रोधकतेचीच गुहा, कर्व्ह जवळपास हलतच नाही. तेव्हा सपाट डीप बघून ‘इथे गुहा नाही’ असं लिहिणाऱ्यांनी हे मॉडेल एकदा चालवून बघावं. चीनच्या ताहे तेलक्षेत्रात पाच किलोमीटरपेक्षा खोल ऑर्डोव्हिशियन (एका फार जुन्या भूशास्त्रीय काळातल्या) चुनखडकात अशा गुहा आहेत. तिथे सीस्मिकवरच्या (जमिनीत कंपनं सोडून काढलेल्या चित्रावरच्या) मण्यांच्या माळेसारख्या खुणा आणि ड्रिलिंग करताना गायब होणारा मड यांवर भिस्त असते, ती उगाच नाही.

आमच्या पुण्यात गुहा म्हणजे पाताळेश्वर, तीही बेसॉल्टात कोरलेली, त्यामुळे हे काम काय असतं ते घरी समजावणं अवघडच. ओळखीतल्या एका निवृत्त सरांनी विचारलं, “मग मुंबई हायला का नाही लावत?” समुद्रातल्या त्या तेलक्षेत्राच्या एल-थ्री नावाच्या थरात चुनखडक आणि शेल (मातीचा खडक) आलटून पालटून येतात, आणि पोकळ्या बहुतेक लहान. त्यांची एकेक जाळी काढत बसण्यात अर्थ नाही, सरासरी रोधकतेचे थर धरलेले बरे. ते मॉडेल टूडीतच होतं, माझ्या साध्या लॅपटॉपवरही.