मागच्या सीटची बकलं परत मिळाली : द्वारका, नाशिक

जुनी गाडी घेतली तेव्हा मागे सीट बेल्टचे पट्टे होते, ते अडकवायची बकलं मात्र दिसेनात. आधीच्या मालकाने चढवलेल्या रेक्झिनच्या कव्हराखाली ती दाबली गेली होती. आईला डोळे दाखवायला दर महिन्याला मुंबईला न्यावं लागतं आणि ती कायम मागेच बसते. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघं वाचले. मागचे दोघं गेले, त्यांनी बेल्ट लावले नव्हते. आई मागे बसली की मला तो पूल आठवायचा.

आधी दोन दुकानं फिरले. एक म्हणाला, "मागे कोण लावतं ताई?" दुसऱ्याने तर बेल्ट न लावल्यावर वाजणारी बीप बंद करणारी क्लिप फुकट पुढे केली! या क्लिपांची ऑनलाइन विक्री केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३मध्ये बंद करायला लावली, तरी दुकानात त्या मिळतात याचा मला संताप आला. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे, न लावल्यास १००० रुपये दंड.

द्वारकेजवळच्या गल्लीतल्या चाचांनी मात्र काही न विचारता बैठक उचलली. रेक्झिनला नेमक्या जागी चिरा दिल्या, कडा शिवल्या, बकलं वर काढली. मग एकेक पट्टा ओढून दाखवला : हळू ओढला की सरसर येतो, झटका दिला की जागच्या जागी अडकतो. डावीकडचा आत जाईना, तो पिळला होता. खोलून सरळ केला. आईला बसवून सांगितलं, "अम्मा, खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर. वरचा मानेला घासू देऊ नका. पदर खाली गोळा होऊ देऊ नका."

व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा हा तीन जागी अडकणारा पट्टा १९५९मध्ये गाडीत आला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर १९७०मध्येच बेल्टची सक्ती केली. आणि आपण तो रेक्झिनखाली गाडतो, याचं फार वाईट वाटतं.

दोन तास लागले, ४५० रुपये झाले. शिवणीचा दोरा कव्हरच्या रंगाशी जुळत नाही, एवढीच तक्रार. परवा घोटीच्या टोलपर्यंत आईने दोनदा पट्टा चाचपला, पण सोडला नाही. दुकान शुक्रवारी बंद असतं. सकाळी लवकर गेलात तर गाडी लावायला जागा मिळते.