‘सेव्हन टर्न्स’ : फुटलेला बँड पुन्हा स्टुडिओत

मी ठाण्यात ऑर्केस्ट्राला साउंड देतो. गडकरी, घाणेकर, नवरात्रातले मंडप, बोलावतील तिथे. त्यामुळे रेकॉर्ड कुठलीही असो, माझा कान आधी ड्रम कसे घेतलेत तिकडे जातो. ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी रॉक बँडची १९९० ची ‘सेव्हन टर्न्स’ तिथेच मला जिंकते.

या बँडच्या वाट्याला अपघात आणि भांडणं दोन्ही भरपूर आली. गिटारवाला ड्वेन ऑलमन १९७१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, पुढच्या वर्षी बेसवाला बेरी ओकलीही तसाच. मग फुटले, जुळले, १९८२ मध्ये पुन्हा दुकान बंद. बंद पडण्याआधीच्या दोन रेकॉर्डवर त्या काळच्या फॅशनचा इतका मुलामा आहे की बँड कुठला ते शोधावं लागतं. जैमो या मूळ ड्रमरला तर मध्येच काढून टाकलेलं.

१९८९ मध्ये, विसाव्या वर्षाच्या निमित्ताने परत एकत्र आले, जैमोसकट. शहाणपणा असा की आधी गावोगाव वाजवलं आणि मग स्टुडिओ धरला. आपल्याकडे हॉलची तारीख आधी ठरते, तालीम नंतर बघू! गिटारला वॉरन हेन्स, बेसला ॲलन वुडी, कीबोर्डला जॉनी नील, असे तिघे नवे. स्टुडिओ मायामीचा क्रायटेरिया, आणि निर्माता टॉम डाउड.

डाउडबद्दल थोडं लिहितोच, कारण आमच्या धंद्यातला तो थोरला माणूस. तरुणपणी मॅनहॅटन प्रोजेक्टवर, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पावर, काम केलेला, नंतर अटलांटिक रेकॉर्ड्सचा इंजिनिअर. मिक्सरवर आपण बोटाने वरखाली सरकवतो ते फेडर, गोल नॉबच्या जागी ते रुळवणाऱ्यांतला हा एक. बँडची १९७१ ची गाजलेली, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट हॉलमधली लाइव्ह रेकॉर्डही त्याचीच. म्हणून इथे त्याने काही सजवायला घेतलेलं नाही. दुसरा ड्रमर बुच ट्रक्स सरळ रेटतो आणि जैमो त्याच्या फटींत जॅझच्या अंगाने बोल भरतो, ढोलकीबरोबर दिमडी चालावी तसं. दोघे एकमेकांत कालवले जात नाहीत. दोन ड्रम सेट एका स्टेजवर उभे करून बघा, मग कळेल हे किती अवघड आहे.

सातवं गाणं, ‘गॅम्बलर्स रोल’, हा संथ ब्लूज. गाणारा ग्रेग ऑलमन, ड्वेनचा धाकटा भाऊ, तेव्हा ४२ चा, आवाज मात्र साठीचा. भाचा सोफ्यावर मोबाईल बघत पडला होता, मान वर करून म्हणाला, “मामा, हा दमलाय का?” म्हटलं, दमलाय, पण सुरात दमलाय. पुढचं ‘ट्रू ग्रॅव्हिटी’ गाण्याविना. डिकी बेट्स आणि हेन्सच्या गिटार आधी जोडीने धावतात, मग वाटा वेगळ्या होतात. हेन्स स्लाइड वाजवतो, म्हणजे बोटात नळी घालून तारांवर घसरवतो, तेव्हा त्यातच नाव काढलेल्या ड्वेनची आठवण येणारच, पण तो नक्कल करत नाही. शीर्षकगीत बेट्स गातो आणि शेवटी ग्रेगचा आवाज मागून उत्तरं देऊ लागतो. एकमेकांशी धड न पटणारी ही दोन माणसं, पण तेवढा तुकडा ऐकताना ते विसरायला होतं.

‘लोडेड डाइस’ रेडिओसाठी केल्यासारखं वाटतं. नसतं तरी चाललं असतं. बाकी तक्रार नाही.

मी जुनी सीडी कुरियरने मागवली. विकणाऱ्याने नुसत्या कागदी पाकिटात घालून पाठवली, डबीचं बिजागर तुटूनच आलं. डिस्कवर ओरखडा नाही हे नशीब. नऊ गाणी आहेत. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर वुडीचा बेस सापडणार नाही, निदान बरे हेडफोन लावा. आणि सातव्या-आठव्यापासून सुरू करा, पहिल्यावर मागाहून या.