कृतिदेवमधील जुनी फाइल: फॉन्ट बसवावा की युनिकोड करावे?

कृतिदेव फॉन्टात टंकलेली जुनी मराठी फाइल नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. कारण त्या फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या पाच अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो आणि त्यांना देवनागरी वळण देण्याचे काम केवळ फॉन्ट करतो. तोच फॉन्ट बसवला, तर मजकूर आणि तक्ते बहुधा जसेच्या तसे परत येतात. मात्र युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) कळफलकाने ‘ठराव’ हा शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि उतारा मोबाइलवर पाठवला की पुन्हा तीच रोमन रांग.

युनिकोडात रूपांतर केल्यास ही अडचण मिटते, पण मुद्रितशोधन टळत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवला जातो, युनिकोडात नेमके उलटे असते. त्यामुळे ‘आर्थिक’सारख्या, दोन्ही एकत्र येणाऱ्या शब्दांत साधी रूपांतर-साधने अनेकदा अडखळतात. (मजकुरातील ईमेल पत्त्याचे देवनागरीत जे होते, ते पाहण्यासारखे असते.)

एकदाच छापायचे असेल, तर फॉन्ट पुरेसा आहे. सोसायटीच्या इतिवृत्तासारखा वारंवार चाळावा लागणारा मजकूर मात्र मी युनिकोडातच घेईन, मूळ फाइल न पुसता.